घाटाच्या वर झोपा: उन्हाळ्यात ट्रकमध्ये गारव्याची झोप कशी मिळवायची

बाबा फेरीवरून इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या घरी आले, की आई आधी त्यांच्या पाठीकडे बघायची. पाठभर घामोळं असलं तर विचारायची, "गाडीतच झोपलात ना? खाट नाही मिळाली?" बाबा गप्प राहायचे. रेक्झिनच्या सीटवर, तापलेल्या केबिनमध्ये काढलेली दुपार अंगावर कशी उमटते हे मी तेव्हापासून बघतो आहे. आता आमच्या दोन गाड्या आहेत, इंदूर-मुंबई आणि इंदूर-नाशिक चालतात. उन्हाळ्यात काही फेऱ्या मी स्वतः करतो. या रस्त्यावर दुपारी झोप कशी लागते, कशाने मोडते, त्यावर काय करता येतं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. ड्रायव्हरसाठी लिहितो आहे आणि गाडीमालकांसाठीही, कारण यातल्या अर्ध्या गोष्टींना मालकाचा खिसा लागतो.

ट्रकमधला गारवा नव्वद टक्के गाडी कुठे, कधी आणि कोणत्या तोंडाने उभी केली यावर ठरतो. पंखा, कूलर, एसी हे त्यानंतरचं.

आधी रस्ता समजून घ्या

आपला आग्रा-मुंबई रस्ता सपाट नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. मानपूरचा घाट उतरलात की गुजरी, धामनोद, खलघाट: हे नर्मदेचं खोरं, निमाड. इथे मे महिन्यात दुपारी उभं राहवत नाही. मग सेंधवा, बिजासन घाटातून सातपुडा ओलांडायचा की तापीचं खोरं, शिरपूर-धुळे, पुन्हा भट्टी. धुळ्यापासून रस्ता चढत जातो, नाशिक-इगतपुरी परत साडेपाचशे-सहाशे मीटरवर. आणि कसारा घाट उतरलात की कोकणातली चिकट, दमट हवा.

हजार मीटर उंचीला हवा साडेसहा अंशांच्या आसपास उतरते. इंदूर आणि खलघाट यांत चारशे मीटरचा फरक धरला, तरी अडीच अंश नुसत्या उंचीचे मिळतात. शिवाय माळव्याची रात्र वेगळीच. 'शब-ए-मालवा' उगाच म्हणत नाहीत. दिवसा कितीही तापलं तरी पठारावर रात्री वारा सुटतो, आणि निमाडात मध्यरात्रीही खाटेची दोरी गरम लागते.

म्हणून आमच्याकडचा पहिला नियम: झोपायचं ते घाटाच्या वर. खोरी फक्त ओलांडायची, तीही ऊन नसताना.

मुंबईकडे जाताना आम्ही वेळ अशी बसवतो. इंदूरहून संध्याकाळी ५ ला निघायचं. भरलेली गाडी चहापाण्यासकट ताशी ३५ किलोमीटर धरली, तर साडेनऊच्या सुमारास सेंधवा, साडेबारा-एकपर्यंत धुळं. नर्मदा आणि तापी दोन्ही अंधारात ओलांडल्या जातात. धुळ्याच्या आसपास सहा साडेसहापर्यंत झोप. हे खोरंच आहे, पण एकट्या ड्रायव्हरने त्यापुढे जाऊ नये, आणि पहाटेपर्यंत तिथेही उतार पडतो. सकाळी ७ ला निघून बारापर्यंत नाशिकच्या पुढे, इगतपुरीकडे. दुपार तिथे, घाटाच्या वर. ऊन कललं की कसारा उतरून रात्री भिवंडी. दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवावी लागत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने घातलेली मर्यादाही तेवढीच होती, आणि ती माणसाचं शरीर बघूनच घातलेली होती.

मालकांना हात जोडून सांगतो: "सकाळी आठला गाडी लागलीच पाहिजे" असा फोन करून तुम्ही ड्रायव्हरची दुपार खलघाटात घालवता. माल भरायची वेळ दुपारी तीन-चारची घेतली तर निम्मं काम झालं.

गाडी कोणत्या तोंडाने लावायची

ढाब्यावर शिरलं की सगळे समोर जागा दिसेल तशी गाडी घुसवतात. इंदूरहून मुंबईकडे रस्ता नैर्ऋत्येला जातो. दुपारी तुमचं तोंड सूर्याकडेच असतं. तशीच उभी केलीत, तर एवढी मोठी पुढची काच तीन तास ऊन पीत बसते. बाहेर ४० अंश असताना बंद केबिन तासाभरात ५५ च्या वर जाते.

गाडी वळवून घ्या. मागे कंटेनर किंवा ताडपत्री बांधलेला उंच माल असेल तर तोंड पूर्वेला करा. दुपारी दोन-अडीचनंतर बॉडीची सावली केबिनवर येते आणि सूर्य मावळेपर्यंत हटत नाही. तुम्ही स्वतःचं छप्पर स्वतःबरोबर ओढत आणलेलं असतं, त्याचा उपयोग करा. टँकर किंवा बुटकी बॉडी असेल तर तोंड उत्तरेला. मग पुढची काच उन्हातून सुटते आणि क्लीनरच्या बाजूची खिडकी पश्चिमेला येते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, बहुतेक तिकडूनच येते. त्या खिडकीचं काय करायचं ते पुढे सांगतो.

झाडाखाली लावायची असेल तर आत्ताची सावली बघू नका. बाराला जिथे सावली आहे तिथे तीनला ऊन असतं. झाडाच्या पूर्वेला गाडी लावा, सावली चालत तुमच्याकडे येते. रस्ता चौपदरी झाल्यावर कडेची जुनी झाडं बरीच गेली, त्यामुळे ज्या ढाब्यावर दोन मोठे कडुनिंब उरलेत तो लक्षात ठेवावा, चहा कसाही असो.

जमीनही बघा. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री दहापर्यंत सोडत राहतं. मुरमाची किंवा मातीची जागा बरी.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इंदूरला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत बारा ते दीड कोणतीही दिशा कामाची नाही. तेव्हा फक्त टप, म्हणजे केबिनचं छप्पर, वाचवायचा.

टप आणि काचा

केबिनचा पत्रा तापला की तो आतल्या माणसावर तव्यासारखा धगधगतो. वर कॅरिअर असेल तर त्यावर जाड ताडपत्री अशी ताणून बांधा, की ताडपत्री आणि पत्रा यांत वीतभर मोकळी जागा राहील. पत्र्याला चिकटवलेली ताडपत्री उष्णता खाली देते, आणि मधून वारा फिरला तर घेऊन जाते. कॅरिअर नसेल तर तागाचं बारदान पसरून भिजवायचं. आमच्या इंदूरच्या छावणी भागातल्या धान्य मंडीत जुनी पोती मिळतात, चार पोती शिवून एक गोधडी होते. टप पांढरा रंगवून घेतला तर फरक हात लावून कळतो. आमच्या एका गाडीचा टप निळा होता, दुसरीचा पांढरा. उन्हात शेजारी उभ्या केल्या, तर निळ्यावर हात टेकवत नव्हता.

आतून थर्मोकोल चिकटवू नका. पेट घेतला तर त्याचा धूर माणसाला बाहेर पडू देत नाही.

पुढच्या काचेला चंदेरी शीट लावायची ती बाहेरून, वायपरखाली दाबून. आतून लावली तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. बाजूच्या काचांना काळी फिल्म नको. नियमाप्रमाणे पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काढता येणारा सुती पडदा पुरे.

खालून येणारी उष्णता

ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपल्या ट्रकमध्ये इंजिन सीटच्या खाली असतं. चालताना त्यातलं पाणी ८५-९० अंशांवर असतं, आणि गाडी बंद केल्यावर ती धग तासभर तरी वर येत राहते. तुम्ही टपावर कितीही पाणी ओता, खालून शेगडी चालूच.

गाडी लावल्यावर दोन-तीन मिनिटं रिकामी चालू ठेवा, टर्बोसाठी तेवढं हवंच. मग बंद करा, दोन्ही दारं सताड उघडा आणि पहिला तास बाहेर काढा. अंघोळ, जेवण, टायर बघणं, जे असेल ते तेव्हाच उरका. आत झोपायचंच असेल तर बोनटवर, म्हणजे केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर, जाड गोधडी चारपदरी घालून टाका. आणि गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर तपासा. माझ्या गाडीचं रबर एका बाजूने फाटलं होतं, बोटभर फट. त्या फटीवर तळहात धरला तेव्हा कळलं, की दोन उन्हाळे मी कशाशेजारी झोपत होतो. गरम हवा तर येतेच, इंजिन चालू असेल तर धूरही येतो. रबर बदलायला फार खर्च नाही, काम अर्ध्या तासाचं.

ओलं फडकं: कुठे चालतं, कुठे नाही

माळवा-निमाडात मार्चपासून पाऊस येईपर्यंत हवा कोरडी असते. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर वाऱ्यात धरलेलं ओलं कापड २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. कसाऱ्याखाली ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तेच कापड २८ च्या खाली जात नाही. म्हणून सेंधव्याला जी युक्ती स्वर्ग वाटते ती भिवंडीत अंग चिकट करून सोडते.

बाबांच्या गाडीला आरशाच्या दांड्यावर छागल लटकलेली असायची. जाड कॅनव्हासची, बाहेरून कायम ओलसर, बुडाशी थेंब धरलेला. भर उन्हात तिच्यातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार. काम तेच: थोडं पाणी झिरपून उडतं, जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जी उष्णता नेतं, ती एक टनाच्या एसीने तासात बाहेर फेकलेल्या उष्णतेचा साधारण पाचवा हिस्सा असते. पाण्याला कमी लेखू नका.

कोरड्या पट्ट्यात असं करा. सुती चादर किंवा जुनं धोतर भिजवून, पिळून, वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीत बाहेरून टांगा. गाडी उत्तरेकडे तोंड करून असेल तर क्लीनरच्या बाजूला. पलीकडच्या दाराची खिडकी चार बोटं उघडी हवी. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर पाऊण तासात केबिनचं न्हाणीघर होतं. फडकं अर्ध्या-पाऊण तासाने वाळतं, त्यासाठी उठावं लागतं, ही यातली खरी कटकट. एक तोड आहे: चादरीचं वरचं टोक पाण्याच्या डबड्यात बुडवून ठेवायचं, पाणी कापडातून हळूहळू उतरत राहतं. वाळ्याची छोटी टट्टी करून घेतलीत तर ती जास्त वेळ ओली राहते, वासही चांगला.

आणि पंखा. हवा चाळिशीच्या वर असेल आणि अंग कोरडं असेल, तर पंखा तुम्हाला गार करत नाही, भाजतो. आधी पंचा भिजवून मानेवर, छातीवर टाका, हातपाय ओले करा, मग पंखा. दमट पट्ट्यात उलट: कापड कोरडं, पंखा जोरात, खिडक्या सगळ्या उघड्या.

पंखा, कूलर, एसी आणि बॅटरीचा हिशेब

ट्रकची वीज २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. २० वॉटचा पंखा एक अँपिअरही घेत नाही. सहा तास चालला तरी ५ अँपिअर-तास. १५० च्या बॅटरीला ते जाणवत नाही. छोटा डीसी कूलरही परवडतो, कोरड्या पट्ट्यात उत्तम.

पार्किंग एसीची गोष्ट वेगळी. इंजिन बंद असताना चालणारे हे एसी साधारण ७०० ते ९०० वॉट घेतात, म्हणजे २४ व्होल्टवर ३० ते ३७ अँपिअर. साधी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे १५० मधले ७५ वापरायचे. दोन-अडीच तासांत संपले. एकदा आम्ही हे ऐकलं नाही. बसवणाऱ्याने "याच बॅटरीवर आरामात चालेल" असं सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. खलघाटच्या अलीकडे संध्याकाळी गाडी स्टार्टच होईना. शेवटी दुसऱ्या ट्रकवरून तार जोडून गाडी उठवली, तोवर नऊ वाजले होते. पार्किंग एसी घ्यायचा तर त्याची बॅटरी वेगळी, चार्जिंगची सोय वेगळी, आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की आपोआप बंद करणारा कटऑफ हवाच.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक गाडीत दिसते. १२ व्होल्टचा पंखा स्वस्त मिळतो म्हणून तो दोनातल्या एकाच बॅटरीवरून जोडतात. ती बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा किंवा पंखाच २४ चा घ्या. तारेला फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच लावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना कंपनीतूनच एसी केबिन बंधनकारक झालं. फार चांगलं झालं. पण तो एसी इंजिनवर चालतो. म्हणजे गाडी चालवताना गारवा मिळाला, झोपतानाचा प्रश्न तिथेच राहिला. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल जातं, आणि सायलेन्सरला कुठे फट असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. भिंतीला लागून, शेडमध्ये, दोन गाड्यांच्या चिंचोळ्या जागेत इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका.

ट्रकखाली झोपू नका

हे मी वेगळं लिहितो आहे, कारण सावली शोधत क्लीनर पोरं हमखास तिथे जातात. खाली खरंच गार वाटतं. आमच्याच एका फेरीत पिथमपूरला एका कारखान्याच्या गेटबाहेर रांग लागली होती, ऊन रणरणत होतं. आमचा पोरगा मागच्या चाकांमध्ये गोणपाट टाकून झोपला. गेट उघडलं, पुढची गाडी सरकली, मी किल्ली फिरवली. मागच्या गाडीचा वस्ताद ओरडत धावत आला म्हणून पोरगा वाचला. त्या दिवसानंतर माझा नियम: क्लीनर कुठे आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय किल्लीला हात नाही. झोपताना किल्ली क्लीनरच्या खिशात द्या. त्याला आणल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही.

आणि कारखानदारांना सांगणं आहे. गेटबाहेर चार-पाच तास गाड्या थांबतात. पत्र्याची एक शेड, पाण्याची टाकी, एक नळ. एवढं केलंत तर कोणी चाकाखाली जाणार नाही.

खाट मिळाली तर खाटच

इतकं सगळं लिहून सांगतो, की केबिनपेक्षा सावलीतली सुतळीची खाट केव्हाही चांगली. खालून हवा लागते, हीच तिची करामत. लोकांना चोरीची भीती असते, डिझेलची, मोबाइलची, मालाची, म्हणून ते काचा बंद करून आत शिजतात. यासाठी राखण असलेली जागा निवडा. तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाने ट्रकचालकांसाठी झोपायची खोली, अंघोळ आणि स्वयंपाकाची सोय काही ठिकाणी झाली आहे, त्यांच्या ॲपवर जागा बघता येते. क्लीनर आणि तुम्ही पाळीने झोपा. रात्री केबिनमध्ये असाल तर खिडक्यांना मच्छरदाणीच्या जाळ्या शिवून घ्या, इलॅस्टिक लावून दारावर चढतील अशा. जाळी नसली की डासांमुळे काच वर जाते आणि सगळी मेहनत फुकट.

सीटवर झोपताना रेक्झिनवर चटई आणि वर सुती चादर.

खाणंपिणं

झोपायच्या आधी दाल-बाफले नकोत. मला फार आवडतात, पण तुपात बुडवलेले चार बाफले पचवायला शरीर आतून तापतं. भाकरी किंवा पोळी, कांदा, ताक, कैरीचं पन्हं. उत्तरेकडचे ड्रायव्हर पाण्यात सातू कालवून पितात, ते उत्तम आहे. तहान लागायची वाट बघू नका. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी आधीच कमी पडलंय. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. चवीसाठी मीठ वाढवू नका. दारूने झोप येते असं वाटतं, पण ती शरीरातलं पाणी काढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, इथपर्यंत सावली, पाणी आणि दोन-तीन तासांची विश्रांती पुरते. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल गेला, अंग चटका बसेल इतकं तापलं, मग घाम असो वा नसो, तो उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा, महामार्गावर असाल तर १०३३ लाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. क्लीनरला हे पाठ असायला हवं, कारण ड्रायव्हरला स्वतःचं कळत नाही.

उठल्यावर

चार वाजता उठून लगेच स्टिअरिंग धरू नका. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं पूर्ण जागं नसतं. तोंड, मान धुवा, अर्धा लिटर पाणी प्या. टपावरची ताडपत्री सोडा, काचेवरची शीट काढा, खिडकीतली चादर पिळून बोनटवरच्या गोधडीवर टाका. ती पुढच्या थांब्यापर्यंत ओलसर राहते. मग गाडीभोवती एक चक्कर, प्रत्येक टायरजवळ वाकून, आणि शेवटी मागच्या चाकांमध्ये एक नजर.